पेताड आळं

ब्याण्णव सालच्या आषाढात खालच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, तेव्हा त्याचं श्रेय घ्यायला गल्लीतला प्रत्येक पुरुष पुढे होता. ज्यांनी फावड्याला हातही लावला नव्हता ते सगळ्यात पुढे. गल्ली म्हणजे दहा-बारा घरं, पण तिची तोंडं मोजायला गेलं तर शंभर निघतील.

सोनगीर मागे टाकून धुळ्याकडे निघालं की एक बोडकी टेकडी लागते, तिच्या पायथ्याशी हे गाव. पूर्वी टेकडीचं पाणी रानभर पसरायचं आणि जिरून जायचं. मग आग्रा रोड उंच झाला, सगळं पाणी रोडखालच्या एका मोरीत एकवटलं, आणि मोरीचं तोंड बरोबर खालच्या गल्लीकडे. पाऊस म्हटला की बायका आधी पिठाचे डबे फळीवर चढवायच्या आणि मग निवांतपणे आभाळाला शिव्या द्यायच्या. घरं मातीची, धाब्याची. सगळ्यात खालचं घर झुंबरबाईचं. त्याची मागची भिंत आदल्या साली बसली होती. आता पुढची बसली असती तर घर संपलंच होतं.

झुंबरबाईचा नवरा आधार सुरतेला मागावर कामाला गेला, त्याला सात-आठ वर्षं झाली होती. तो परत आला नाही आणि त्याची खबरही आली नाही. कोणी म्हणे तिकडे दुसरं घर केलं, कोणी म्हणे गाडीतून पडला. नक्की कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून सगळेच बोलत. धुळ्याला राहणारा दीर म्हणायचा, वहिनी, आमच्याकडे चला, त्या ओल्या भिंतींत काय ठेवलंय. तिचं उत्तर ठरलेलं होतं.

"त्या उनात तर कोठे येतीन? आठेच येतीन ना?"

ते आले तर इथेच येतील, आणि परत येणाऱ्या माणसाला दार सापडावं, एवढ्यासाठी तिला ते घर उभं हवं होतं. आणि तो जिवंत आहे याचा तिच्यापाशी पुरावा होता. पुरावा म्हणजे एक घागर.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघरी गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर भरतात. या गावची रीत अशी की घरातल्या मोठ्या माणसाने घागरीवर वाकून गेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, पाणी प्यायला या म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी घागरीत डोकावायचं. पाणी चार बोटं उतरलं असलं की पितर पिऊन गेले. मातीचं भांडं झिरपतं हे काय लोकांना कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण घागर झिरपली म्हणण्यापेक्षा आबा येऊन गेले म्हणण्यात जे बरं वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

आधारची वाट पाहून त्याची आई भिकुबाई थकली आणि एका आखाजीला कुंभाराकडून नवी घागर घेऊन आली. झुंबरबाईने घर डोक्यावर घेतलं. शेवटी सासू-सुनेत तह झाला, की घागर भरायची पण नाव घ्यायचं नाही. भिकुबाईने बिननावाची घागर भरली. दुसऱ्या दिवशी पाणी काठोकाठ. पुढल्या सालीही तसंच. कुंभार म्हणाला, भट्टीत जास्त भाजली गेली असेल. भिकुबाई वारली, तरी झुंबरबाई दर आखाजीला ती घागर भरत राहिली, नुसती भरलेली बघायला. पाणी हललं नाही म्हणजे पिणारा अजून त्या बाजूला गेलेला नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

त्या उन्हाळ्यात मोतीलालभाऊंनी आळ्याची गोष्ट काढली. भाऊंची हयात नाल्यांच्या बांधबंदिस्तीवर मुकादमी करण्यात गेलेली. फटकळ माणूस, पण कामाला वाघ. ते म्हणाले, पाणी अडवायला जाऊ नका, त्याला बसायला जागा द्या. मोरीच्या तोंडाशी खळ्याएवढं रुंद, कमरेइतकं खोल आळं खणायचं. तळाला विटांचे तुकडे आणि खापरं, त्यावर वाळू, त्यावर माती, आणि मातीत पाण्याला हपापलेली झाडं, म्हणजे केळी, कर्दळ, वाळा. केळीचे कंद भाऊंच्या सासरहून, रावेरकडून, ट्रकमधून फुकट आले. विटा पडक्या चावडीच्या मिळाल्या. खापरं मात्र गाडीभर हवी होती आणि तिथे घोडं अडलं.

कारण गाडीभर खापर गावात एकाच जागी होतं. पितरांच्या घागरी घरात वापरायच्या नाहीत आणि उकिरड्यावरही टाकायच्या नाहीत, म्हणून जुन्या झालेल्या घागरी पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेरच्या चिंचेखाली पालथ्या घातलेल्या होत्या. भाऊंनी तिकडे बोट दाखवलं आणि गल्लीची बोलतीच बंद झाली. मग तोडही भाऊंनीच काढली. ज्याची घागर त्याचं नाव घ्यायचं, माफी मागायची आणि मग फोडायची.

"बठ्ठा आपलाच मानसं शेतस," ते म्हणाले. "नातूना घरमा पानी शिराले नको, एवढं त्यास्ले बी कळस."

तसं झालं. चिंचेखाली दिवसभर नावं घेतली गेली आणि घागरी फुटत गेल्या. कोणी रडलं, कोणी आपल्या आजोबाच्या घागरीशी जुनं भांडणही उकरून काढलं. खापरांचा थर आळ्याच्या तळाला नीट बसला, वाळू पडली, माती पडली, केळी लागल्या. शेवटी एकच काम उरलं. मोरीतलं पाणी धारेने पडतं आणि माती उकरतं, म्हणून धारेखाली एक अख्खी घागर गळ्यापर्यंत पुरायची होती. धारेचा जोर तिच्यात मोडेल आणि गाळही तिच्यात बसेल. पण चिंचेखाली एकही घागर धड राहिली नव्हती.

झुंबरबाई घरी गेली आणि आपली घागर घेऊन आली. तिला वाटलं, एवढ्या मेलेल्यांच्या खापरांत एक तरी भांडं जिवंत माणसाचं असू दे. घर वाचवायला घरधन्याचाही हात लागू दे.

"हाई कोनी घागर शे?" भाऊंनी रीतीप्रमाणे विचारलं.

"आमना घरनी," ती म्हणाली.

शेजारीण कलाबाई तिथेच उभी होती. कलाबाईची जीभ म्हणजे मिरचीचा खल. "असं चालाव नई! नाव ली ले व माय. नाव लिधाबिगर घागर ठेवता येस का?"

बायका खिदळल्या. बाई नवऱ्याचं नाव एरवी घेत नाही. घेते ती उखाण्यात, आणि उखाणा तिलाच घालायला सांगतात जिचा नवरा आहे. इतक्या वर्षांत झुंबरबाईला कोणी नाव घे म्हटलं नव्हतं. लग्नात, हळदीकुंकवात तिची पाळी आली की बायका नेमक्या खोकायला लागायच्या. आज कलाबाईने विचारलं, म्हणजे आज गल्लीने तिचा नवरा आहे असं धरलं. झुंबरबाईचा चेहरा खुलला. तिने पदर सारखा केला, घागरीच्या काठावर हात ठेवला आणि वाकून खणखणीत आवाजात म्हणाली,

"टेकडीवरचं पाणी आमच्या गल्लीत शिरतं,
आधाररावांचं नाव घेता माघारी फिरतं!"

टाळ्या पडल्या. नाव घागरीत घुमलं आणि थोडं उशिराच विरलं. कलाबाईचं हसू अर्ध्यावर राहिलं. तिच्या तेव्हा ध्यानात आलं, की नाव घेतलं गेलं होतं ते घागरीवर वाकून, मोठ्याने, आणि घरातल्या उरलेल्या एकुलत्या एक मोठ्या माणसाने. तिने भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी मान फिरवली आणि घागरीभोवती घाईघाईने माती ओढली.

आषाढात टेकडी दिसेनाशी होईल असा पाऊस झाला. मोरी तोंड भरून वाहू लागली. गल्ली डबे फळीवर चढवून दारात उभी राहिली. पाणी आळ्यात पडत होतं आणि आळ्यात नाहीसं होत होतं. आळं भरलं की जादा पाणी बाजूच्या चरातून नाल्याला जाईल, अशी भाऊंनी सोय केली होती. पण पाणी चरापर्यंत चढलंच नाही. पाऊस उघडला तेव्हा गल्लीत नुसता चिखल होता आणि झुंबरबाईच्या उंबऱ्याला थेंबही लागला नव्हता.

"कितलं पेस व हाई!" कलाबाई म्हणाली, आणि गल्लीने आळ्याचं नाव पेताड ठेवलं. पुढच्या पावसात लोक मुद्दाम गोणपाटं डोक्यावर घेऊन पेताड बघायला गेले. कितीही पाणी येऊ दे, पेताड डुलत नव्हतं की ओकत नव्हतं.

भाऊ मात्र हसत नव्हते. एवढं पाणी जमिनीत जिरलं तर कलाबाईच्या आडाचं पाणी वर यायला हवं होतं. त्यांनी दोर सोडून पाहिला. पाणी चैत्रात होतं तिथेच. मग पाणी जातं कुठे? आणि आळ्यातल्या झाडांना काय झालं होतं? भर पावसात केळीची पानं कडेने करपत होती, कर्दळीने माना टाकल्या होत्या. भाऊंनी बोटाने माती उकरली तर खाली कोरडी भुकटी लागली. त्यांनी हात धोतराला पुसला आणि ते घरी जाऊन पडून राहिले.

झुंबरबाईला ते ऐकू आलं एका दुपारी. पाऊस नुकताच थांबला होता, ती गवताचा भारा घेऊन मोरीवरून येत होती. मोरीतून शेवटची बारीक धार घागरीत पडत होती. गट, गट, गट. मग थांबा. मग दम सोडल्यासारखं लांबलचक "हाऽऽ". भारा तिच्या डोक्यावरून खाली आला. आधार असाच पाणी प्यायचा. शेतातून आला की तांब्या उंच धरून तीन घोट घ्यायचा, थांबायचा आणि असा सुस्कारा सोडायचा की भिकुबाई चुलीपासून ओरडायची, आमना बैल बी असा पेत नई.

धार संपली. आतून आता वेगळाच आवाज येऊ लागला, कोरडी जीभ टाळूला चिकटून सुटावी तसा. झुंबरबाईला तो ऐकवेना. ती पळत घरी गेली, हंडा आणला, ओतला. गट, गट, गट. दुसरा हंडा आणला. "प्या, सावकाश प्या," ती जुन्या सवयीने बोलून गेली, आणि मग तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. घागरीतलं पाणी कोण पितं, हे तिला गावात कोणी शिकवायला नको होतं.

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. भाकरी समोर घेऊन ती विचार करत बसायची. आपण जिवंत माणसाला घागरीवरून हाक मारली आणि त्याला जीव सोडून प्यायला यावं लागलं? की तो केव्हाच गेलेला होता आणि इतकी वर्षं कुठेतरी तहानेने तळमळत होता, कारण बायको त्याचं नाव घेऊ देत नव्हती? यातलं जास्त वाईट कोणतं, ते तिला ठरवता येत नव्हतं.

ती भाऊंकडे गेली. "भाऊ, मन्ही घागर काढी द्या."

"भर पावसायामा? बठ्ठी गल्ली वाही जाई."

"घरधनी आत शेतस, भाऊ."

भाऊंनी पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "माले बी ऐकू येस. पन गल्ली कोरडी शे ना, माय."

झुंबरबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यांची जमीन कोरडी राहावी म्हणून माझ्या माणसाने खड्ड्यात बसून पाणी प्यायचं? दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे निंदणीला गेलेले पाहून ती विळा घेऊन आळ्यात उतरली. माती दगडासारखी घट्ट झाली होती. घागर निघाली ती भट्टीतून काढल्यासारखी गरम. आत ओल नव्हती, गाळाचा कणही नव्हता. दीड महिन्याचं टेकडीचं पाणी त्या घागरीवर पडलं होतं.

घरी नेऊन तिने ती जुन्या जागी ठेवली आणि भरली. नाव घेतलं नाही. संध्याकाळी पाहिलं, काठोकाठ. सकाळी पाहिलं, काठोकाठ. झुंबरबाई घागरीपुढे फतकल मारून बसली आणि एकटीच हसली. काही नाही झालेलं. आळ्यात दुसऱ्या कोणाचे पितर पीत असतील, तिथे काय थोडी खापरं होती? माझा माणूस आहे. कुठेतरी आहे. त्या दिवशी तिने दोन भाकरी खाल्ल्या, ठेच्याबरोबर.

श्रावणात भरदुपारी आभाळ फाटलं. मोरी गर्जायला लागली आणि गल्ली सवयीने निश्चिंत बसली. पण आळं आता कुठल्याही खड्ड्यासारखा खड्डा होतं. ते भरलं, चर भरून वाहिला, तरी पाणी मागून येतच होतं. ते आळ्याच्या काठावरून उतरलं आणि एकदम गल्लीत घुसलं. कलाबाईची बाळंतीण लेक आतल्या खोलीत होती. खाटेच्या माचव्याला पाणी लागलं तशी कलाबाई कर्कश ओरडली. तिच्या घराच्या भिंतीचा खालचा भाग चिखल होऊन सुटायला लागला होता. पुरुष दगड, पोती, हाताला येईल ते मोरीच्या तोंडाशी टाकत होते आणि पाणी ते उचलून फेकत होतं. भाऊ आळ्यात छातीइतक्या पाण्यात उभे होते. पायाला घागर लागली नाही तेव्हा त्यांनी झुंबरबाईच्या दाराकडे पाहिलं.

झुंबरबाईच्या घरात पाणी गुडघ्याला आलं होतं. कोपऱ्यात घागर भरलेली होती, तिच्यातलं पाणी जरासुद्धा हललं नव्हतं. झुंबरबाई तिच्याकडे बघत राहिली. बाहेरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. तिला कोणाचाही राग आला नाही. तिला फक्त भयंकर एकटं वाटलं. मग तिने घागर उचलली.

गल्लीतून ती प्रवाहाच्या उलट चालत गेली. भाऊंनी हात दिला, ती आळ्यात उतरली आणि मोरीखालच्या जुन्या खळग्यात पायाने चाचपडून तिने घागर बसवली. काही झालं नाही. पाणी तिच्या छातीवरून जातच होतं. काय राहिलंय ते तिला ठाऊक होतं. उखाणा चालणार नव्हता. उखाण्यात तिने नवरा आहे म्हणून नाव घेतलं होतं आणि चुकून हाक गेली होती. आता जाणूनबुजून हाक मारायची होती, सगळ्या गल्लीदेखत, आणि ती मारली की तो पुन्हा कधीही आग्रा रोडवर एसटीतून उतरणार नव्हता. ती वाकली. तोंड पाण्याला लागलं.

"आधारराव," ती ओरडली, "पानी पेवाले या!"

मोरीचा आवाज बसल्यासारखा झाला. मग पाण्याखालून पहिला घोट आला. गट. आळ्यातलं पाणी गोल फिरायला लागलं, खाली बसायला लागलं. मग गल्लीतलं पाणी हललं. ते उतार सोडून चढाकडे, दारादारांतून, चुलीचुलींतून निघून आळ्याकडे सरकत आलं. लोक भिंतींना चिकटून उभे राहिले आणि पाणी आपल्या पायांवरून उलटं जाताना खाली पाहायचीही कोणाची छाती झाली नाही.

कलाबाई नातवंडाला छातीशी धरून ओट्यावर उभी होती. तिने ती हाक ऐकली होती. पहिला हंबरडा तिने फोडला. "आधारभाऊ, माय वं, आधारभाऊ!" मग शेजारच्या दारातून, मग समोरच्या. दुसरं घर केलं म्हणणारेही रडले, गाडीतून पडला म्हणणारेही रडले. इतकी वर्षं ते रडं गल्लीने झुंबरबाईच्या भयाने गिळून ठेवलं होतं. मोतीलालभाऊंनी भिजकी टोपी काढून हातात धरली.

झुंबरबाई रडली नाही. ती आळ्यात उभी होती, ओणवी, आणि तिचा हात घागरीच्या काठावर होता. प्रत्येक घोट तिच्या तळव्याला कळत होता. तीन घोट, थांबा, सुस्कारा. तो पीत होता तोवर तिने हात काढला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपला नवरा कुठे आहे ते तिला माहीत होतं.